औषध-संहतीचे भाकीत आणि त्याची कसोटी : औषधगतिक प्रतिमानांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : औषधगतिशास्त्र, संहती, समष्टी-प्रतिमान, अभिनती, सहसंबंध गुणांक, फेनिटॉइन, रिफाम्पिसिन

विषयप्रवेश

औषध शरीरात गेल्यानंतर त्याचे शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन कोणत्या वेगाने होते याचा गणिती अभ्यास म्हणजे औषधगतिशास्त्र. स्वीडनमधील टॉर्स्टेन टेओरेल यांनी १९३७ साली या विषयाची गणिती मांडणी प्रथम केली. जर्मन बालरोगतज्ज्ञ डोस्ट यांच्या १९५३ च्या ग्रंथाने त्यास नाव व स्थैर्य दिले. पुढे संगणक आला आणि एकेका रुग्णाऐवजी संपूर्ण रुग्णसमूहाचे वर्णन एकाच समीकरणसंचात करणारी समष्टी-प्रतिमाने रूढ झाली. आज अशा प्रतिमानांची संख्या मोठी आहे. नव्या प्रतिमानाचा प्रत्येक कर्ता ‘आमचे प्रतिमान संहतीचे समाधानकारक भाकीत करते’ असे लिहितो. हा ‘समाधानकारक’ शब्द कोणत्या आधारावर लिहिला जातो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

हा प्रश्न केवळ औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांचा नाही. मार्गासनीसारख्या गावी, जेथून राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याकडे रस्ता फुटतो, तेथील अपस्माराच्या वा क्षयाच्या रुग्णाला रक्तातील औषधाची पातळी मोजून घ्यावयाची झाल्यास पन्नासेक किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थांत औषध-पातळी मापनाची सेवा कित्येक वर्षे चालू आहे. डोंगरी तालुक्यांत ती नाही. जेथे मापन नाही तेथे भाकितावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून भाकीत तपासण्याची रीत सदोष असेल, तर तिचा भार मापनाची सोय असलेल्या शहरी रुग्णापेक्षा या रुग्णावर अधिक पडतो.

सहसंबंधाचा मोह

आपल्याकडील अनेक शोधनिबंधांत मोजलेली संहती एका अक्षावर व भाकीत केलेली दुसऱ्या अक्षावर मांडून सहसंबंध गुणांक काढला जातो. तो ०.९ च्या वर गेला की प्रतिमान उत्तम ठरते. ही पद्धत मुळातच चुकीची आहे, हे दाखविण्यास पाच आकडे पुरे आहेत. समजा, पाच रुग्णांत मोजलेली संहती दर लिटरला अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ मिग्रॅ आहे, आणि प्रतिमानाचे भाकीत १०, २०, ३०, ४० व ५० आहे. सहसंबंध गुणांक येथे नेमका १ येतो. प्रत्येक भाकीत मात्र दुप्पट आहे! दोन राशी एकमेकींबरोबर वाढतात एवढेच हा गुणांक सांगतो. त्या एकमेकींएवढ्या आहेत की नाहीत याविषयी तो मौन बाळगतो. मापनाच्या दोन पद्धतींच्या तुलनेबाबत ब्लँड व ऑल्टमन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली हाच दोष स्पष्टपणे मांडला. त्यानंतर जवळजवळ चार दशके लोटली, तरी तो गुणांक आपल्या निबंधांतून हटत नाही. संगणकाच्या तक्त्यावर तो एका कळीने निघतो, हे त्याचे एक कारण असावे.

औषधगतिशास्त्रापुरते बोलायचे तर हा इशारा त्याहूनही आधीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लुईस शायनर व स्टुअर्ट बील यांनी १९८१ साली भाकीत-क्षमता मोजण्याविषयी काही सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. भाकीत वजा मोजमाप म्हणजे त्रुटी. सर्व त्रुटींची सरासरी ही अभिनती : प्रतिमान सतत वर झुकते की खाली, हे तिच्यावरून कळते. त्रुटींच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ हे काटेकोरपणाचे माप : भाकिते मोजमापाभोवती किती विखुरली आहेत, हे ते सांगते. या दोन संख्या विश्वास-अंतरासह द्याव्यात आणि प्रतिमानाची तुलना एखाद्या साध्या अंदाजाशीही करावी, असे त्यांनी सुचविले. पहिला भाग बहुतेकांनी उचलला. तुलनेचा भाग बहुतेकांनी सोडून दिला, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा होता.

आणखी एक उदाहरण घेऊ. मोजलेली संहती १०, १२, १४, १६, १८. भाकीत १८, ४, २२, ८, १८. त्रुटी अनुक्रमे +८, −८, +८, −८ व ०. सरासरी त्रुटी शून्य, म्हणजे ‘अभिनतीरहित प्रतिमान’ असा निष्कर्ष कोणी काढील. वर्गमाध्यमूळ त्रुटी मात्र ७.२ आहे. आता कोणतेही प्रतिमान न वापरता पाचही रुग्णांना ‘१४’ असे एकच उत्तर देऊ. त्रुटी ४, २, ० अशा येतात आणि वर्गमाध्यमूळ त्रुटी अवघी २.८ भरते. म्हणजे एवढा गणिती खटाटोप करून सिद्ध केलेले प्रतिमान समूहाच्या सरासरीपेक्षाही वाईट ठरले. समूहाची खरी सरासरी आधी ठाऊक असणे हा त्या ‘१४’चा गैरफायदा आहे, हे मान्य. तरीही अशी तुलना निबंधात नसेल, तर वाचकाला प्रतिमानाची कमाई किती हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

फेनिटॉइन : एका समीकरणाची परीक्षा

अपस्मारावरील फेनिटॉइन हे औषध स्वस्त आहे, जुने आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहे आणि म्हणून ग्रामीण भागात सर्रास वापरले जाते. प्रतिमानांच्या परीक्षेसाठी याहून कठोर औषध शोधून सापडणे अवघड. बहुतेक औषधांत मात्रा दुप्पट केली की संहती साधारण दुप्पट होते. फेनिटॉइनमध्ये तसे होत नाही, कारण त्याचा चयापचय करणारे यकृतातील विकर उपचाराच्या संहतीलाच संतृप्त होऊ लागतात. स्थिरावस्थेतील संहती काढण्यासाठी अर्धसंतृप्ती-स्थिरांकाला रोजच्या मात्रेने गुणून, कमाल चयापचय-वेगातून रोजची मात्रा वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे लागते. सारी मेख या वजाबाकीत आहे.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत प्रौढांसाठी कमाल वेग दर किलो वजनास रोज ७ मिग्रॅ व स्थिरांक दर लिटरला ४ मिग्रॅ असा धरण्याचा प्रघात आहे. ५० किलो वजनाच्या रुग्णासाठी कमाल वेग रोज ३५० मिग्रॅ होतो. रुग्ण रोज ३०० मिग्रॅ फेनिटॉइन सोडियम घेतो. त्यात मूळ औषध ९२ टक्के, म्हणजे २७६ मिग्रॅ. भाकीत येते दर लिटरला १४.९ मिग्रॅ. उपचारक्षम पल्ला १० ते २० असल्याने हे उत्तर अगदी मध्यावर, निश्चिंत करणारे आहे.

आता याच रुग्णाचा प्रत्यक्ष कमाल वेग ३५० ऐवजी ३२५ आहे, असे समजू. फरक फक्त ७ टक्क्यांचा. संहती होते २२.५. म्हणजे डोळ्यांची बुबुळे थरथरणे, चालताना तोल जाणे ही विषाक्ततेची लक्षणे दिसू लागण्याचा टप्पा. वेग ३०० असेल, तर संहती ४६ वर जाते. उलट वेग ३७५ असेल, तर ती ११.२ वर येते. वेगातील चूक दोन्ही बाजूंना सारखी, २५ मिग्रॅची. संहतीतील चूक मात्र एका बाजूला ३.७ आणि दुसऱ्या बाजूला ७.६. यातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे मूल्यमापनकर्त्यांचे सहसा लक्ष जात नाही. प्रतिमानातील प्राचले सरासरीने अगदी बरोबर असली, तरी त्यांवरून केलेली संहतीची भाकिते सरासरीने बरोबर येतीलच असे नाही. ११.२ व २२.५ यांची सरासरी १६.९ होते, भाकीत १४.९ होते. प्रतिमान येथे पद्धतशीरपणे कमी सांगते, आणि ज्या बाजूला धोका आहे त्याच बाजूला ते अधिक चुकते.

कमाल वेगातील असा फरक कल्पनेतला नाही. फेनिटॉइनचे चयापचय मुख्यतः सीवायपी२सी९ या विकराकडून होते आणि या विकराची गती मंदावणारे जनुकीय प्रकार भारतीय लोकसंख्येत आढळतात. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतील अभ्यासगटाने दक्षिण भारतीयांत त्यांचा अभ्यास केला आहे. अन्य लोकसमूहाच्या सरासरीवर उभे केलेले प्रतिमान इकडे आणताना किमान एक बाह्य पडताळणी, म्हणजे प्रतिमान रचताना न वापरलेल्या इथल्या रुग्णांवरील चाचणी, आवश्यक ठरते.

दुसरा मुद्दा कुपोषणाचा. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातील अल्ब्युमिनला बद्ध असतो. परिणाम करतो तो उरलेला मुक्त भाग. अल्ब्युमिन कमी झाले की एकूण संहती कमी दिसते, पण मुक्त भाग तितकाच राहू शकतो. त्यासाठी शायनर व टोझर यांचे सूत्र वापरतात : मोजलेल्या संहतीला, अल्ब्युमिनच्या ०.२ पटीत ०.१ मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे. रुग्णाचे अल्ब्युमिन दर डेसिलिटरला २.५ ग्रॅम व मोजलेली संहती १३ असेल, तर सुधारित संहती २१.७ येते. पुढे काही रुग्णगटांसाठी ०.२ ऐवजी ०.२५ हा गुणांक सुचविला गेला. तो घेतल्यास तीच संहती १७.९ होते. एका सूत्राप्रमाणे मात्रा कमी करावी, दुसऱ्याप्रमाणे तशीच ठेवावी! दोन्ही सूत्रांची ‘सरासरी त्रुटी’ शेजारी शेजारी छापून हा पेच सुटत नाही.

येथेच शायनर-बील कसोटीची मर्यादा दिसते. ती सर्व चुकांना एकाच तागडीत तोलते. संहती ८ असताना १२ सांगणे आणि १८ असताना २२ सांगणे या तिच्या लेखी सारख्याच चुका आहेत. वैद्याच्या लेखी पहिलीत झटके सुरू राहतात आणि दुसरीत पुरेशी मात्रा उगाच घटविली जाते. टक्केवारीतील त्रुटी वापरावी, तर तिची वेगळीच खोड आहे. कमी सांगण्याची चूक शंभर टक्क्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, जास्त सांगण्याच्या चुकीला मात्र कमाल मर्यादा नाही. परिणामी जे प्रतिमान सवयीने कमी सांगते, ते टक्केवारीच्या तक्त्यात उजळ दिसते. फेनिटॉइनच्या बाबतीत ही गोष्ट सरळसरळ घातक आहे, कारण कमी भाकितावर विसंबून मात्रा वाढविली जाईल. वरच्याच रुग्णात सोडियम फेनिटॉइन ३०० वरून ३३० मिग्रॅ केले, तर पाठ्यपुस्तकी प्राचले धरूनही संहती १४.९ वरून २६.२ वर जाते. मात्रावाढ दहा टक्के, संहतीवाढ सुमारे ७६ टक्के.

यास्तव प्रतिमानाची खरी परीक्षा निर्णयाच्या पातळीवर घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. भाकितानुसार मात्रा ठरविली असती तर किती रुग्णांची मात्रा चुकीने वाढली असती, किती जणांची चुकीने घटली असती आणि किती जणांत निर्णय योग्य ठरला असता, एवढा तीन रकान्यांचा तक्ता कोणत्याही निबंधात देता येईल. त्यासाठी नवे गणित लागत नाही.

स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासणे

समष्टी-प्रतिमानांच्या निबंधांत हमखास दोन आलेख शेजारी शेजारी असतात. पहिल्यात समष्टीच्या प्राचलांवरून केलेले भाकीत, दुसऱ्यात त्या त्या रुग्णाच्या प्राचलांवरून केलेले. पहिल्यातील बिंदू विस्कटलेले असतात. दुसऱ्यातील रेषेला चिकटलेले. लेखक साहजिकच दुसऱ्याकडे बोट दाखवितो. पण दुसऱ्या आलेखातील ‘भाकीत’ ज्या मोजमापाशी ताडून पाहिले आहे, तेच मोजमाप वापरून रुग्णाची प्राचले काढलेली असतात. विद्यार्थ्याला उत्तर आधी दाखवून मग तोच प्रश्न विचारण्यासारखे हे आहे. खरे भाकीत म्हणजे पहिल्या नमुन्यावरून दुसऱ्या, अद्याप न पाहिलेल्या नमुन्याचे. शिवाय प्रत्येक रुग्णाचे एकदोनच नमुने असतील, तर वैयक्तिक प्राचले समष्टीच्या सरासरीकडे ओढली जातात. या आकुंचनाकडे साविच व कार्लसन यांनी २००९ मध्ये लक्ष वेधले. आकुंचन मोठे असेल, तर वजन, वय, अल्ब्युमिन यांचा परिणाम आहे की नाही हे वैयक्तिक प्राचलांच्या आलेखावरून ठरविणे फसवे होते.

अलीकडे दृश्य-भाकीत-पडताळणी लोकप्रिय आहे. प्रतिमानावरून हजारभर काल्पनिक रुग्ण निर्माण करावयाचे आणि खरी मोजमापे त्यांच्या पाचव्या व पंचाण्णवाव्या शतमकांच्या पट्ट्यात पडतात का, हे पाहावयाचे. पद्धत चांगली आहे. परंतु प्रतिमानाने विचरण फार मोठे गृहीत धरले की पट्टा इतका रुंद होतो की काहीही त्यात मावते. म्हणून पट्ट्याबाहेर दहा टक्के बिंदू आहेत का, हेही पाहिले पाहिजे. एकही बिंदू बाहेर नसणे ही प्रशंसेची नव्हे, संशयाची बाब होय.

क्षयरोग : पट्ट्यांतील माणसे

क्षयाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०१७ मध्ये देशभर दैनिक उपचारपद्धती आणली. चार औषधांच्या एकत्रित गोळीत रिफाम्पिसिन १५० मिग्रॅ असते आणि गोळ्यांची संख्या वजनाच्या पट्ट्यानुसार ठरते. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत २५ ते ३९ किलो वजनाच्या प्रौढास दोन व ४० ते ५४ किलो वजनाच्या प्रौढास तीन गोळ्या होत्या. शिफारस दर किलोला १० मिग्रॅची, ८ ते १२ या मर्यादेत. ३९ किलोच्या रुग्णास ३०० मिग्रॅ, म्हणजे दर किलोला ७.७, ४० किलोच्या रुग्णास ४५० मिग्रॅ, म्हणजे ११.३. एका किलोच्या फरकाने मात्रा जवळजवळ दीडपट. पुढे पट्टे २५ ते ३४ व ३५ ते ४९ असे बदलले. त्यामुळे ३९ किलोचा रुग्ण तीन गोळ्यांत, दर किलोला ११.५ मिग्रॅवर आला; ३४ किलोच्या रुग्णास मात्र ८.८ आणि ३५ किलोच्या रुग्णास १२.९ मिळू लागले. उडी राहिलीच, फक्त तिची जागा सरकली. पट्टे ही प्रशासनाची सोय आहे आणि लाखो रुग्णांच्या कार्यक्रमात ती टाळता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. प्रश्न इतकाच की पट्ट्यांच्या कडेवर असलेल्या रुग्णांत भाकीत कसे उतरते, याची स्वतंत्र तपासणी व्हायला हवी. एकूण सरासरीत हे कडेचे रुग्ण विरघळून जातात.

रिफाम्पिसिनची संहती गोळी घेतल्यानंतर दोन तासांनी दर मिलिलिटरला किमान ८ मायक्रोग्रॅम असावी, असा सर्वमान्य संकेत आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या अभ्यासांत अनेक रुग्णांची पातळी याहून कमी आढळली. परंतु दोन तासांचा एकच नमुना कमी आला, म्हणजे शोषण झाले नाही की केवळ उशिरा झाले? त्यासाठी सहा तासांचा दुसरा नमुना घेण्याची शिफारस आहे. शोषणाचा वेग सर्वांत सारखा धरणारे प्रतिमान हा भेद करू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विल्किन्स व सहकाऱ्यांच्या प्रतिमानाने शोषणातील हा विलंब वेगळा धरला, आणि ते त्याचे मोठेच यश होय. मात्र सकाळी भाकरी खाऊन शेतावर जाणाऱ्या व वाटेत गोळ्या घेणाऱ्या माणसाचे शोषण त्या अभ्यासातील देखरेखीखालच्या मात्रेसारखे असेल, हे गृहीतक तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही. शिवाय रिफाम्पिसिन स्वतःचेच निष्कासन पहिल्या काही आठवड्यांत वाढविते. पहिल्या दिवशीच्या नमुन्यांवर उत्तीर्ण झालेले प्रतिमान पुढच्या महिन्यात नापास होऊ शकते.

आयसोनियाझिडबद्दल थोडक्यात सांगता येईल. त्याचे ॲसिटिलीकरण मंद की जलद, यावर संहती ठरते, आणि भारतात मंद गटाचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. १९५६ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रातून हा विषय फार पूर्वीच पुढे आला होता. दोन शिखरे असलेल्या अशा समूहाला एकच सरासरी लावणारे प्रतिमान कोणत्याच रुग्णाचे प्रतिमान राहत नाही.

सर्पदंशाच्या प्रतिविषाचा उल्लेख या भागात टाळता येणार नाही. श्रीलंकेतील घोणस-दंशाच्या रुग्णांवर भारतीय बनावटीच्या प्रतिविषाचे समष्टी-प्रतिमान २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिविषाची संहती त्यातून वर्तविता येते. परंतु आवश्यक संहती किती, हे शरीरात शिरलेल्या विषावर अवलंबून असते आणि रुग्ण दारात येतो तेव्हा विषाचे प्रमाण कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच मुलाला व प्रौढाला प्रतिविषाची मात्रा सारखीच देतात. भाकीत अचूक असूनही निर्णयाला अपुरे पडावे, असे हे उदाहरण आहे.

मोजमापाचे मोजमाप

शेवटी ज्या मोजमापाला आपण सत्य मानून प्रतिमानाची परीक्षा घेतो, तेही निर्दोष नसते. रिफाम्पिसिन सामान्य तापमानाला टिकत नाही. रक्तद्रव लवकर वेगळे करून गोठवावे लागते. मार्गासनीहून नसरापूरमार्गे पुण्याच्या प्रयोगशाळेत जाणारा नमुना बर्फाविना गेला, तर कमी आलेली पातळी रुग्णाची की प्रवासाची, हे सांगता येणार नाही. फेनिटॉइन या बाबतीत पुष्कळ सोशिक आहे. तेथे अडचण असते ती मात्रा कधी बदलली आणि गोळ्या किती चुकल्या याची नोंद नसण्याची. संतृप्तीमुळे त्याला स्थिरावस्थेस पोहोचण्यास आठवडे लागू शकतात. आठव्या दिवशी घेतलेल्या नमुन्याला स्थिरावस्थेचा मानून समीकरणात टाकले, तर येणारी त्रुटी प्रतिमानाच्या नावे जमा होते; ती वस्तुतः नोंदवहीची असते. बाह्य पडताळणीच्या निबंधात म्हणून चार गोष्टी प्रत्येक रुग्णाच्या ओळीत असाव्यात : शेवटच्या गोळीची वेळ, नमुन्याची वेळ, मात्रा शेवटची बदलल्याची तारीख, आणि नमुना गोठविण्यापर्यंत गेलेली मिनिटे. आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र व संख्याशास्त्र विभागांना महागडी उपकरणे नसतानाही या क्षेत्रात जे काम करता येईल, ते याच ओळीपासून सुरू होते. ग्रामीण रुग्णालयाच्या संमतीने, नैतिक समितीच्या मान्यतेने आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवून अशा पन्नास ओळी जमविल्या, तरी पाठ्यपुस्तकातील ७ आणि ४ हे आकडे आपल्याकडे लागू पडतात की नाही, याचे पहिले उत्तर मिळू शकेल.